गव्हर्नरचं आडनाव

स्पेनच्या राजाने मनिलावर राज्य करायला पाठवलेल्या सरदारांची यादी करणं, हे सिंगापूरच्या विद्यापीठातलं माझं काम. मी इतिहासाची नव्हे, पुण्याची कॉम्प्युटरवाली. कोण कुठल्या घराण्यातला, कोणाच्या जागी कोण आला, हे मी जुळवून द्यायचं आणि प्रोफेसरबाईंनी त्यावर पुस्तक लिहायचं.

या गव्हर्नरांची मला कीव यायची. मुदत संपली तरी चौकशी झाल्याशिवाय त्यांना शहर सोडता येत नसे. ज्याची तक्रार असेल त्याने यावं, अशी दवंडी पिटली जाई आणि बहुतेक वेळा नवा गव्हर्नरच जुन्याचा न्याय करी.

माझ्या नोकरीचीही मुदत संपत आली होती. गुरुवारी समिती माझ्या कामाचा आढावा घेऊन ती वाढवायची की नाही ते ठरवणार होती. नवरा आणि मुलगी माझ्या नोकरीच्या पासवर इथे राहत होते. पास गेला की यिशुनचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळंच गेलं. आणि सोमवारी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, यादी चाळताना मला माझी चूक दिसली.

मी प्रत्येक सरदाराचं शेवटचं नाव आडनाव धरलं होतं. आपल्यात मधे वडील, शेवटी आडनाव. त्यांच्यात बहुधा आधी वडिलांचं घराणं, मागून आईचं. योगायोगाने शेवटचं नाव जुळलं म्हणून मी एका गव्हर्नरला त्याच्या न्यायाधीशाचा भाऊबंद करून टाकलं होतं. घरच्याच माणसाने त्याला सोडून दिलं, असं अख्खं प्रकरण बाईंनी त्यावर लिहिलं होतं.

रात्री मी घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, आढावा होऊ दे, मग सांग. मला त्याचा राग आला, कारण मीही मनात तेच ठरवलं होतं. मुलगी मात्र बूट घालता घालता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, दॅट जज डिडन्ट चीट, राइट? देन टेल लाह."

बुधवारी दुपारी मी बाईंना सांगितलं. त्यांनी ते प्रकरण उघडून पुढ्यात घेतलं. मग त्यांनी विचारलं, हे आणखी कोणाच्या लक्षात आलंय का? कोणाच्याच नाही, मी म्हटलं. प्रकरण काढून टाकते, त्या म्हणाल्या, पण उद्या मी हा विषय काढणार नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

गुरुवारी समितीच्या अध्यक्षांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, हिच्या कामाबद्दल कोणाची काही तक्रार आहे का? बाई खाली कागदाकडे बघत होत्या. मी स्वतःच हात वर केला.