हवालदारानं बांधलेली पुडी

माझी बायको गेली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड होतं. कैक वर्षं ती तेच घालून वावरली. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, यानं दारूपायी विकलं असणार. मी दारूला शिवत नाही. पण खरं सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं.

खरं असं, की मंगळसूत्र घरातच होतं. किंवा नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत तळमजल्याला राहायचो. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. चौथी शिकलो, तेवढ्यावर भागवलं. मूलबाळ झालं नाही. बायकोला भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला ती दारात उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही तिचा चंद्र भाऊ. मी तिची चेष्टा करायचो, तुझा भाऊ ताटात काय टाकतो ते एकदा दाखव म्हणून.

मग वरच्या मजल्यावर एक हवालदार राहायला आला. घाटावरचा गडी, बायको आणि एक लहान मुलगी. नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा मी कारखान्यात अडकून पडलेलो. त्यानं माझ्या बायकोला पाठुंगळी घेऊन वर नेलं. परत उतरून छातीएवढ्या पाण्यातून गॅसची टाकी पण आणली. त्या भाऊबीजेला बायकोनं पाट मांडला आणि त्याला बसवलं. तेव्हापासून ती ताई आणि मी दाजी. मला म्हणायचा, दाजी, ताईनं तक्रार केली तर सरळ आत टाकीन, जामीन नाही. बायको तोंडाला पदर लावून हसायची. तिला असं हसताना मी आधी फारसं बघितलं नव्हतं.

चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. हात चालवायचा. ते त्याचं कामच होतं, लोकांना बोलतं करायचं. एकदा लॉकअपमध्ये एक माणूस मेला. वरचे साहेब सुटले, हा अडकला. आधी सस्पेंड, मग नोकरी गेली. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. तो दारू प्यायला लागला. आमच्याकडे जेवायला बसला की मधेच हात थांबायचा आणि दाराकडे बघत राहायचा. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, काय बघतोस.

"ताई, तो अजून पाणी मागतो."

बायकोनं उठून दाराशी तांब्या भरून ठेवला. मला राग आला. मी म्हणालो, मेलेल्या माणसाला आपल्या दारात कशाला बोलावतेस. पुढं तो जेवायला असला की तांब्या दाराशी असायचाच.

मग तो दिवस. माझी दिवसपाळी होती. तो दुपारच्या आधी आला. खाली खाकी पँट, वर साधा शर्ट. चहा प्याला. मग म्हणाला, ताई, चोऱ्या फार वाढल्यात, मागच्याच गल्लीत एकीच्या गळ्यातलं ओढलं. काढ, मी पुडीत बांधून देतो, डब्यात ठेव. तिनं काढून दिलं. भावाला कोण नाही म्हणेल? त्यानं पेपराच्या कागदात पुडी केली, पुडी रुमालात घातली आणि वर गाठी मारल्या. रुमाल तिच्या हातात दिला, वाकून पाया पडला आणि गेला. पाया तो फक्त भाऊबीजेला पडायचा.

त्याच दुपारी अंबरनाथला बाजारामागच्या गल्लीत त्यानं एका म्हातारीला अडवलं. मी पोलीस आहे, पुढं गडबड चाललीय, दागिने काढा, पुडीत बांधून देतो. म्हातारी खमकी. म्हणाली, कार्ड दाखव. कार्ड कुठलं असणार? ती ओरडली. त्याच्या पिशवीत लोखंडी पाइप होता. म्हातारी जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी तो तिचं सोनं विकायला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेला. सोनार सिंधी, जुन्या ओळखीचा, हा वर्दीत असताना सलाम ठोकायचा. त्यानं याला बसवलं, साब, चाय पियो म्हणाला आणि आत जाऊन फोन केला. चहा संपायच्या आत हा पकडला गेला. मग बाहेर आलं, की कल्याणपासून इकडं त्यानं पुष्कळ बायकांना असंच लुबाडलं होतं. पुडी बांधताना हातचलाखी करायची. बाई घरी जाऊन उघडते तर आत खडी.

हे कळलं तेव्हा बायकोनं गव्हाच्या डब्यातून रुमाल काढला आणि मांडीवर ठेवला. मी म्हणालो, उघड. ती उघडेना. मी हात घातला तर तिनं माझा हात झिडकारला. दाबूनसुद्धा बघू दिलं नाही.

"आत खडे निघाले तर माझा भाऊ गेला," ती म्हणाली. "आणि सोनं निघालं तर ती बाई माझ्या वाट्याचं मेली."

मी चिडलो. म्हणालो, त्यानं खून केला, तुझा काय संबंध. पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

रुमाल परत गव्हात गेला. तिनं गळ्यात हळकुंड बांधलं. तुरुंगातून सुटून आलेल्या एका माणसाकडून त्यानं निरोप धाडला होता, ताई भाऊबीजेला येईल का. ती गेली नाही. पुन्हा चंद्राला ओवाळायला लागली. मी चेष्टा करणं सोडून दिलं. तो जेवायला येत नव्हता तरी तांब्या रोज दाराशी भरलेला असायचा. एकदा मी विचारलं, आता कुणासाठी. ती म्हणाली, आता दोघं आहेत.

यंदा ती छातीत दुखतंय म्हणाली आणि सकाळ व्हायच्या आत गेली. बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. शेजारीण मला म्हणाली, अहो, सवाष्ण गेलीय, हळकुंडावर पाठवता काय तिला, कुठं ठेवलंय ते द्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी आत जाऊन डब्यात हात घातला. गाठी सुटेनात, दातांनी सोडवल्या.

आत सोनं होतं. दोन वाट्या, काळे मणी, जसंच्या तसं.

त्यानं तिला सोडलं होतं. हातात आलेलं तिचं परत केलं आणि दुसरी शोधायला गेला. मी ते मंगळसूत्र तिच्या गळ्यात बांधलं. फासा तीनदा निसटला. लोकांना वाटलं, बायकोसाठी.

तेरावा झाल्यावर मी अंबरनाथला गेलो. ती गल्ली शोधायला वेळ लागला नाही, तिथं अजून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारीचा नवरा ओट्यावर मेथी निवडत बसलेला. देठं पानात आणि पानं देठात जात होती. माझ्या मनात त्याला सगळं सांगायचं होतं. तुझी का गेली, ते माझ्या घरात बांधून ठेवलेलं होतं, असं. तोंडातून निघालं, पाणी मिळेल का.

त्यानं तांब्याभर पाणी दिलं. कुठले, काय, विचारलं. मी बदलापूर म्हणालो. घरची माणसं विचारली. बायको नुकतीच गेली म्हणालो. त्यानं मान हलवली आणि जुडी बाजूला सारून मला जागा केली. मग आपणहून बोलायला लागला. त्याच्या बायकोचं मंगळसूत्र कोर्टानं मुद्देमाल म्हणून ठेवून घेतलं होतं. ते मिळेपर्यंत तिची राख नदीत गेली होती.

"हळकुंड बांधून पाठवली," तो म्हणाला. "तेवढं राहून गेलं बघा. तुमची?"

मी उभ्या आयुष्यात तोंडावर खरं बोलून माणसं दुखावत आलोय. कारखान्यात सगळे मला टाळायचे ते त्यामुळंच.

"हळकुंडावरच," मी म्हणालो.

त्यानं अर्धी जुडी माझ्यापुढं टाकली. मी निवडायला घेतली. त्याचं चुकलेलं मी दुरुस्त केलं नाही. संपेपर्यंत बसलो आणि निघताना पाण्याचा तांब्या दाराशी ठेवला.