एकेचाळीस नंबरचा निरोगी माणूस

अकोल्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर पुष्कळ, पण डॉक्टरांचे कान धरणारी एकच, आयशाबी. हुद्दा विचाराल तर नर्स. रुग्णही तपासायचा आणि कॅन्सरचं संशोधनही करायचं, असे दुहेरी डॉक्टर घडवायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे चालतो. त्यातला पहिला महिना विभागप्रमुख असलेल्या मोठ्या मॅडम नवी पोरं तिच्याच हवाली करायच्या. मशीन काय, कोणीही चालवतो! खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची घोटलेली पुडी, खाणाऱ्याकडून खरं काढणं शिकायला बावीस वर्षं लागतात, आणि तेवढी आयशाबीची झाली होती.

"व्यसन हाय काय, असं इचारलं तं सारा वऱ्हाड नाहीच म्हनते," ती सांगायची. "दिवसाच्या पुड्या किती, हे इचारा. थो दोन सांगन. मंग त्याच्या बायकोले इचारा."

गेल्या वर्षी आलेल्या तुकडीत तिचा जीव अश्विनवर. मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराचा मुलगा, अमरावतीत शिकलेला, वय एकतीस. रुग्णाच्या खाटेवर बसून घरच्यासारखं बोलायचा आणि तिला आपा म्हणायचा. सांगितलेलं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. हा पोरगा नाव काढणार, असं ती सगळ्यांना ऐकवत फिरायची.

फेब्रुवारीत तोंडाच्या कॅन्सरचा नवा अभ्यास सुरू झाला. रुग्णांच्या गालाच्या आतून ब्रश फिरवून पेशी घ्यायच्या, आणि ताडून पाहायला तेवढ्याच निरोगी माणसांच्या. रुग्णांची रांग लागलेली, पण निरोगी माणूस शोधून सापडेना. एक कमी पडला तेव्हा अश्विनच हसत खुर्चीत बसला. "घ्या माहाच, आपा."

तिनेही हसत-बोलत ब्रश फिरवला, कुपीवर एकेचाळीस नंबर घातला आणि फॉर्मवर तंबाखू, सुपारी, खर्रा, तिन्हींपुढे 'नाही' अशी खूण केली. विचारलं नाही. डॉक्टरला काय विचारायचं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो तिनेच केला.

साठ कुप्या जमेपर्यंत पेटी अमरावतीच्या प्रयोगशाळेत पाठवायची नाही, असा नियम. कुप्या महिनोन्‌महिने बर्फात पडून राहिल्या. ऑगस्टपासून अश्विन डब्यातला ठेचा बाजूला सारून नुसता दहीभात खाऊ लागला. वऱ्हाडी माणूस ठेचा सोडतो? आयशाबीच्या मनात पाल चुकचुकली. पण ॲसिडिटी असेल, पोरगं जागरण करतं, असं म्हणून तिने तो विचार झटकला.

सप्टेंबरात निकाल आला. निरोगी माणसांच्या यादीत एकेचाळीस नंबरच्या पेशी बिघडलेल्या निघाल्या, कित्येक रुग्णांपेक्षाही जास्त. नावं सीलबंद, त्यामुळे हा माणूस कोण हे मॅडमना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते दोघांनाच. मॅडम काही बोलायच्या आत अश्विन म्हणाला, "कुप्यांची अदलाबदल झाली असेल, मॅडम. नंबर घालताना. हा नमुना वगळून टाकू."

आयशाबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत तिचा एक नंबर चुकला नव्हता, आणि हा बेटा सगळ्यांदेखत तिच्या माथी मारत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तिचा राग जागच्या जागी गोठला आणि तिला त्याचा दहीभाताचा डबा आठवला.

"चूक झाली असेल तर या कागदावर सही करा, आयशाबी. विषय संपवू," मॅडम म्हणाल्या. विषय खरंच संपला असता. नंबर खोडला की त्या माणसाला कोणी शोधणार नव्हतं.

कागद घेऊन ती नमुने घ्यायच्या खोलीत आली. मागोमाग अश्विन आला आणि त्याने दार लोटलं.

"सही करून टाका, आपा. मॅडम तुमाले काही बोलनार नाहीत. डिसेंबरात माहा अभ्यासक्रम संपते, मंग नागपूरले जाऊन दाखवतो."

"पुड्या किती?" तिने विचारलं.

त्याने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "सहा. होस्टेलपासून."

"चूक माहीच हाय, बेटा. पन नंबराची नाही." तिने कागद सही न करता टेबलावर ठेवला. "बस खुर्चीत."

तो बसला. जबडा पुरता उघडेना. तिने टॉर्च मारला. डाव्या गालाच्या आत, पार मागे, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल जखम. हातमोज्यातल्या बोटाला जखमेच्या कडा टणक लागल्या. असे चट्टे तिने त्याला शेकडो रुग्णांत दाखवले होते. आज मात्र तिने टॉर्च विझवला.

"हे फेब्रुवारीत होतं काय रे?" तिने विचारलं. "मी ब्रश फिरवला, पन आत पायलंच नाही."

"होतं. लहान होतं," तो म्हणाला. "मले आरशात दिसलं होतं. म्हनून तं त्या दिवशी खुर्चीत बसलो, आपा. तुमी काईच बोलल्या नाही. म्हटलं, आपाले दिसलं नाही म्हंजे काही नसन."