हाजराच्या वाडीची साफसफाई

यासीनभाई कतारची नोकरी संपवून कायमचे पनवेलला परतले, तेव्हा त्यांना वाटलं होतं की घर आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलंय. घराला तसं काहीच वाटत नव्हतं. बिलं, पाहुणे, दुरुस्त्या, सगळं त्यांच्या बायकोच्या, हाजराच्या हाताखाली सुरळीत चाललं होतं. यांनी काही करायला घेतलं की ती म्हणे, "तुम्ही बसा ना, मी बघते." बसून बसून माणूस किती बसणार? या घरात आपण पाहुणेच राहणार, ही धास्ती त्यांना आतून खात होती.

मग हाजरा बहिणीकडे उरणला गेली आणि रिकाम्या न्हाव्यानं भिंतीला तुंबड्या लावल्या. मागच्या वाडीत शेवग्याखाली हळद, तिच्या कडेनं मिरच्या, अंबाडीवर चढलेले वाल, असा सगळा गोतावळा एकत्र नांदत होता. यासीनभाईंना त्यात फक्त पसारा दिसला. कोयता घेऊन त्यांनी वाळलेलं दिसेल ते कापून टाकलं.

"आरं यासीनभाव," शेजारच्या गुणाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हलद कापलीस? हाजराच्या आयनं दिलेली हाय ती. आता तुजी खैर नाय!"

यासीनभाईंनी कोयता खाली ठेवला. हाजराची अम्मी तर आता या जगात नव्हती. त्यांनी अंबाडीच्या काटक्या पुन्हा मातीत रोवल्या, वाल सुतळीनं बांधले. पण हळदीची पानं कशी चिकटवणार?

हाजरा आली ती थेट मागे गेली.

"मीच कापलं," यासीनभाईंनी सांगून टाकलं. "तुला मदत म्हणून. हळद तुझ्या अम्मीनं दिलेली, हे गुणाबाई म्हणाल्या तेव्हा कळलं."

तिनं खाली बसून माती उकरली. पिवळाधमक कंद हाती आला.

"या अल्ला, घाबरलात किती! पानं वाळली की कापायचीच असतात. गुणाबाईनं तुमची फिरकी घेतली."

यासीनभाईंचा जीव भांड्यात पडला. वालाबद्दल मात्र बोलणी खावी लागली. "त्या काटक्या मी मुद्दाम ठेवल्या होत्या, वालाला चढायला! आणि ही सुतळी कसली? गळफास लावलाय बिचाऱ्यांना."

सुतळी सोडवता सोडवता ती म्हणाली, "आठवड्याभरानं हळद खणू. दरवर्षी गडी बोलावते. यंदा त्याला नको म्हणून सांगते. तेवढं तुम्ही कुठं जाऊ नका."

"मी कुठं जातोय आता!" यासीनभाई म्हणाले, आणि परतल्यापासून पहिल्यांदाच हे बोलताना त्यांना बरं वाटलं.