निवट्या पाण्यात मेल्या

आमच्या खाडीकाठच्या मोऱ्याहून टेम्पो निघाला तेव्हा भावकी रडत होती, मी नाही. बायकोला मी सगळ्यांसमोर बजावलं, "तुज्या दम्यापायी चाललोय. तो बसला का दुसऱ्या दिवशी परत गावाला. मी बिल्डिंगीत मरायचा नाय." तिने खोकत मान हलवली. तुम्ही गाववाले साक्षीला होतात, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

कामोठ्यात मुलाचा पाचवा माळा. लिफ्ट बंदच. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो तर गुडघा आहे का नाही ते कळायचं नाही, पाणीच माणसाला धरून ठेवायचं. इथे जिन्यावर सगळं अंग गुडघ्यावर येऊन बसतं. खाडीचं पाणी दिवसभर उन्हात राहून गारच. हा स्लॅब दुपारी तापतो तो झोपेपर्यंत भाजतो. कातडी सुकटीसारखी झाली माझी. आणि शेजारीण आमच्या सुकटीला नाक दाबते! खिडकीखालचं गटार मात्र तिला चालतं. थू!

येताना मी बादलीत ओला चिखल घालून निवट्या आणल्या होत्या. निवटी तुम्हाला सांगायला नको. मासा खरा, पण चिखलावर बसून हवा घेतो, अंग ओलं असलं की झालं. सुनेला दया आली. तिने नळाचं पाणी काठोकाठ भरलं, वर ताट झाकलं. सकाळी सगळ्या उलट्या तरंगत होत्या.

"मासाच ना तो, बाबा? पाण्यात कसा मरंल?"

"तुज्या नळाच्या पाण्यात मगर पण मरंल!"

मी पिशवी भरली. बायकोला म्हटलं, "चल. दमा बसलाय तुजा."

बसला होताच. तिकडे खाडीचा ओला वारा, भिंतींना बुरशी; ती उशीला टेकून बसूनच झोपायची. इथल्या कोरड्यात आडवी झोपते.

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "आवं, तुमी जावा खुशाल. मी नाय येत. मला हितं दम पुरतो."

"सगल्यांसमोर हो म्हणालीस ना?"

"तवा बोलायला दम होता का मला? मान हलली ती खोकल्यानं!"

पिशवी अजून भरलेलीच आहे. मुलगा विचारतो, रिकामी करू का? मी नाही म्हणतो.

तुम्ही विचाराल, आता घर कुठलं? ही जागा तर नाहीच. किळस येते मला हिची. पण रोज सकाळी बायको बाजार करून पाच माळे चढते, आणि खालपासून वरपर्यंत सोबत चढणाऱ्या त्या शेजारणीशी भांडत येते, कुठेही दम खायला न थांबता. मी दाराआड उभा राहून ऐकतो. घर म्हणाल तर तेवढंच. ती दाराशी आली की आत जाऊन बसतो. तिला कळायला नको.