रुखमाबाईचं कोपर

आमच्या गल्लीत गरम पाण्याबद्दलचा शेवटचा शब्द रुखमाबाईचा असे. बाळंतिणीच्या घरी ती सकाळी यायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायची, बादलीत कोपर बुडवून दोन श्वास थांबायची आणि म्हणायची, "हं, आना लेकरू." कोपरच का, तर तिचं म्हणणं असं की तळहात कामानं निबर होतो, त्याला खरं-खोटं कळत नाही, कोपराची कातडी शेवटपर्यंत लेकरासारखी राहते. गेली पस्तीस वर्षं दिग्रसच्या या भागात जन्मलेल्या बहुतेक पोरांच्या अंगावर पहिला तांब्या त्या "हं"नंतरच पडला आहे.

हा मान तिला कुणी ताटात वाढून दिलेला नाही. सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या काही घरांना ती बौद्ध आहे एवढंच दिसायचं. त्यांनी दुसरी बाई लावली. त्या बाईनं एका लेकराची पाठ पोळवली, तेव्हा तीच घरं रुखमाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. ती आली. कुणाला टोमणा मारला नाही, पाणी पाहिलं आणि कामाला लागली. त्या घरांत आमचंही घर होतं, हे मी लपवत नाही. माझी दिपाली तिच्याच पायांवर न्हाऊन मोठी झाली.

मी रामराव. दिग्रसच्या बसस्टँडवर अठ्ठावीस वर्षं कंट्रोलर होतो. माइकवर "पुसद गाडी, यवतमाळ गाडी" ओरडायचो. माइक बिघडला तरी माझा आवाज पार रसवंतीपर्यंत जातो, असं ड्रायव्हर म्हणायचे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे या आवाजाची मला लाज वाटली.

संघर्ष हा मागच्या गल्लीतला मुलगा. त्याच्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली, म्हणून रुखमाबाईनं त्याला सव्वा महिना नाही, चांगले सहा महिने आंघोळ घातली. तो तिला आजी म्हणायचा. आयटीआय झाला, नागपुरात नोकरी केली, आणि तिशी ओलांडल्यावर परत येऊन त्यानं सोलरचं दुकान टाकलं. गच्चीवर काचेच्या नळ्या, वर टाकी, उन्हानं पाणी तापणार. आमच्या भागात उन्हाला तोटा नाही. एवढं एक पीक कधी बुडत नाही.

त्यानं पहिला सोलर रुखमाबाईच्या घरकुलाच्या स्लॅबवर बसवला. तिला त्याची गरजही होती. जन्म सगळा बंबापुढे गेलेला, पऱ्हाटी आणि तुराट्या जाळून डोळे कायम लाल. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला होता, बाई, धूर सोडा, नाहीतर दिसणं सोडा. बदल्यात संघर्षनं तिचा तांब्याचा बंब नेला. सोलर बसला त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. नळाखाली तिनं कोपर धरलं आणि हसली. लहान पोरीसारखी हसली, खोटं नाही सांगत.

संघर्ष हात पुसत म्हणाला, "आजी, तुमी लोकाइले सांगा. दर घरामागं तुमचं बी काही ठेवतो मी."

तिचं हसू गेलं. "माह्या कोपराचा भाव लावतो का रे? मी सांगीन ते पाणी चांगलं हाय म्हनून सांगीन. मले एक कवडी नोको. पुन्हा असं बोलू नोको."

"बरं आजी, नाही बोलत," असं म्हणून त्यानं तिच्या पाया पडून विषय मिटवला. हे मी या दोन कानांनी ऐकलं. ओट्यावर तिसरं कुणी नव्हतं.

मग ती घरोघरी बोलली. धूर नाही, लाइटचं बिल नाही, सिलिंडर उरतो. सगळे आधी तिच्या घरी येऊन नळाखाली हात धरून गेले आणि एका महिन्यात अकरा घरांनी सोलर घेतला. त्यात मीही होतो. किंमत बाजारापेक्षा कमी, अट एकच होती, जुना तांब्याचा बंब द्यायचा. "कायले ठेवता, जागा अडते," असं संघर्ष म्हणायचा आणि दोन माणसं लावून बंब टेम्पोत चढवायचा. आमचा बंब माझ्या आईचा, तिचं नाव कोरलेला. माझी बायको मैना दर दिवाळीला तो चिंचेनं घासायची. तो टेम्पोत गेला तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी म्हटलं, अगं, रुखमाबाईनं पाहिलंय पाणी. यावर ती काय बोलणार?

पहिला हिवाळा सुखाचा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच, उर्वशीच्या टाकीला पाझर फुटला. उर्वशी म्हणजे आमच्या समोरची सून, पापड-कुरडयांचं काम करते, तोंडानं फटकळ. मग तिच्या शेजारच्यांची टाकी, मग आमची. महिन्याभरात अकराच्या अकरा गच्च्या गळायला लागल्या. संघर्षनं तोवर दुकान पांढरकवड्याला हायवेवर हलवलं होतं. तो दर वेळी म्हणायचा, माणूस पाठवतो. माणूस काही आला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

शेवटी मी पुसद रोडच्या हरिसिंगला बोलावलं. पाइपलाइनचं काम करणारा माणूस, बोलतो कमी. त्यानं आमची टाकी उघडली, आत बोट घातलं, तर पत्र्याचा तुकडाच त्याच्या हातात आला.

"काका, हा पत्रा हाय का कागद? इथलं बोरचं पाणी खारं. एका सालात खाऊन टाकलं यानं."

गल्ली जमली. हरिसिंग एकेका गच्चीवर चढला आणि प्रत्येक ठिकाणी तेच निघालं. वरून स्टिकर चकचकीत, आत पापुद्रा. रुखमाबाई खाली गल्लीत, मान वर करून उभी होती. तीच म्हणाली, "माहा बी पाह्य, बापू."

हरिसिंगनं तिची टाकी उघडून पाहिली, पान्यानं ठोकली आणि वरूनच सांगितलं, "आजी, हा असली हाय. आतून भारी स्टील. वीस साल हलत नाही."

मग उर्वशी बोलली, "अकरा घरं फुटली अन् एक तुमचाच असली कसा काय, आजी? असा माल उगाच कोनी देते का? तुमाले भेटलं असन काहीतरी. आमचे बंब बी गेले."

"मले काही नाही भेटलं," रुखमाबाई म्हणाली. "मी नाही म्हनलं होतं त्याले." आणि तिनं गर्दीत मला शोधलं. "भाऊ," एवढंच म्हणाली.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या गच्चीवरून पाणी ठिबकत होतं, शेजारी मैना उभी होती, तिच्या सासूचा बंब गेला होता, आणि खरं सांगायचं तर आतल्या आत मलाही वाटत होतं की राग काढायला कुणीतरी हाताशी असावं. संघर्ष पांढरकवड्याला होता. रुखमाबाई समोर होती. अठ्ठावीस वर्षं माइकवर ओरडलेला मी मूग गिळून चपलेचा अंगठा बघत राहिलो. ती थोडा वेळ थांबली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला बोलावलं. मला वाटलं, आता ऐकवणार. तिनं फक्त मोबाइल पुढे केला. "त्याचा नंबर लावून द्या. मले बारीक दिसत नाही. आवाज मोठा ठेवा."

"जय भीम आजी," संघर्ष पलीकडून म्हणाला. आवाजात काही चुकल्याची खूण नाही.

"लोकाइले काहून असा माल देला रे?"

"आजी, सस्त्यात मांगतलं की सस्तंच भेटते. धंदा हाय. तुमचा तं चालू हाय ना?"

"चालू हाय."

"मंग तुमाले काय तरास? तुमाले म्या खरा देला, आजी. कंपनीचा, एक नंबर. तुमाले कसा फसवीन मी? तुमी मले सहा महिने आंघोळ घातली."

मी तिच्याकडे बघत होतो. शिवी दिली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती फोनला अगदी शांत आवाजात म्हणाली, "मले बी फसवलं असतं तं बरं झालं असतं, पोट्ट्या. गल्लीसंगं तरी राह्यली असती मी."

"आजी, गिऱ्हाईक आलं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला मनापासून वाटत होतं की त्यानं उपकार केले. तिचा खरा सोलर बघूनच तर आम्ही खोटे घेतले. त्यानं तिचं कोपर दुकानाच्या पाटीसारखं वापरलं. मला त्याचा संताप आला, आणि संताप करायला मला तोंड नव्हतं, त्याचा आणखी आला.

उठताना ती म्हणाली, "त्या दिवशी ओट्यावर तुमी होते."

"होतो."

"हं," ती म्हणाली. ते पाण्याचं "हं" नव्हतं.

तिनं सगळ्यांना निरोप दिला की माझ्या नळाचं गरम पाणी सकाळी घेऊन जा, बादल्या आणा. एकही बादली आली नाही. चौथ्या दिवशी तिनं शिडी लावली, या वयात, आणि काचेच्या नळ्यांवर जुनी गोधडी टाकून चारही कोपरे सुतळीनं बांधले. डिसेंबरात ती थंड पाण्यानं आंघोळ करायला लागली. मैनानं विचारलं, तेव्हा म्हणाली, "सगळ्याइचं थंड तं माहं बी थंड." पुढच्या आळीत एक बाळंतपण झालं, त्यांनी दुसरी बाई लावली. सुरुवातीची ती वर्षं सोडली, तर असं पहिल्यांदाच झालं.

जानेवारीत माझी दिपाली बाळंतपणाला आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मैना गॅसवर पातेली चढवायला लागली आणि दुसऱ्या बाईचं नाव काढलं. दिपालीनं ऐकूनच घेतलं नाही. "मले रुखमाआजीच पायजे. नाही तं मीच घालतो आंघोळ."

मी गेलो. रुखमाबाई गहू निवडत होती. मी का आलो ते तिला कळलं होतं. "येतो," ती म्हणाली. "लेकराचा काय दोष. पन पाणी माह्या नळाचं, अन् न्याचं तुमी. गॅसचं पाणी दर पातेल्याले येगळं राह्यते." तिनं माझ्याकडून गोधडी सोडवून घेतली. सुतळीच्या गाठी सुटता सुटेनात, मी दातानं सोडवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी दोन वाफाळत्या बादल्या घेऊन तिच्या दारातून निघालो. आमचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. समोर उर्वशी अंगण झाडत होती.

"काका, कोठून आनून राह्यले पाणी?"

मी बादल्या खाली ठेवल्या. "रुखमाबाईच्या नळाचं हाय. अन् आइक उर्वशी, तिनं संघर्षजवळून काही घेतलं नव्हतं. तो देत होता, तिनं त्याले झापलं. मी ओट्यावर बसून होतो."

आवाज बसस्टँडचाच निघाला. दोन-तीन दारांतून माणसं डोकावली. उर्वशी केरसुणी धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मंग इतके दिवस काहून नाही बोलले, काका?"

मी बादल्या उचलल्या.

न्हाणीत रुखमाबाई पाटावर पाय लांब करून बसली होती. नात तिच्या नडग्यांवर, तेल लावलेली, मूठ चोखत. दिपाली दाराशी उभी. मी बादल्या ठेवल्या, गार पाणी ओतून त्या बेताच्या केल्या आणि म्हणालो, "उर्वशीले सांगतलं मी. सगळ्याइनं आइकलं."

"आइकू आलं मले," ती म्हणाली. "बरं केलं."

मग मी वाट बघू लागलो, ती कोपर बुडवेल म्हणून. तिनं हात बाळाच्या पाठीखालून काढलाच नाही.

"पाणी पाहा," ती मला म्हणाली.

"मी?"

"तुमीच. माह्या कोपरानं आता कोनाचं चालत नाही."

मी बाही वर सारली आणि कोपर बुडवलं. माझ्या दोन लेकरांच्या वेळी मी न्हाणीत पाऊल टाकलं नव्हतं. कोपराला काय कळायला पाहिजे तेच मला माहीत नव्हतं. "चालन," मी म्हणालो.

"चालन का बरोबर हाय?"

मी पुन्हा कोपर बुडवलं, या वेळी तिच्यासारखे दोन श्वास थांबलो. "बरोबर हाय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि माझ्या शब्दावर माझ्या नातीच्या अंगावर पहिला तांब्या ओतला.