पिंपळाच्या पानाची पिपाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी सोसायटीच्या चारा छावणीत चेअरमनच्या सोयऱ्याधायऱ्यांची जनावरं आधी बांधली गेली. आमच्या गुरांना जागाच उरली नाही, म्हणून आम्ही डोंगर धरला. डोंगरात ज्याला पाणी सापडेल त्यानं पिंपळाच्या पानाची पिपाणी वाजवून बाकीच्यांना बोलवायचं, असा आम्हा गुराख्यांचा रिवाज होता. त्या उन्हाळ्यात पिपाणी कुणीच वाजवली नाही. जो तो आपापल्या गुरांना गुपचूप पाजून मोकळा व्हायचा.

एका दुपारी मी घळीत पडलो आणि पाय मोडून बसलो. हाका मारून मारून घसा बसला, पण कुत्रंही फिरकलं नाही. शेवटी कपारीतल्या पिंपळाचं कोवळं पान तोडलं, त्याची सुरळी केली आणि जीव खाऊन फुंकली. जरा वेळानं अख्खा डोंगर गुरं हाकत घळीवर येऊन उभा राहिला.

खाली सगळं कोरडं दिसल्यावर शेजारच्या वस्तीवरचा एकजण खेकसला, "पानी न्हाई तर वाजवली कावून बे?"

मी पायाकडे बोट दाखवलं.

"मंग हाका मारायच्या व्हत्या की," तो म्हणाला.

शिवी अगदी ओठावर आली होती, पण आवाज फुटेना.