हरला तो उठला

पंचशीला सिस्टरला आष्टीच्या आजूबाजूच्या पाच-सहा वाड्या ओळखतात. लसीचा निळा डबा स्कूटीला बांधून ती निघाली की पोरं घरात दडून बसतात. पण तिची खरी कर्तबगारी या लोकांना ठाऊक नाही. ती आमच्या दहावीच्या बॅचला ठाऊक आहे आणि आम्ही ती सोयीस्कर विसरलो. आम्ही म्हणजे मीही. मी तानाजी, शाळेत गणित शिकवतो.

तिच्या वडिलांनी, शहादेव यांनी, स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडात व्हिडिओ गेमचं मशीन टाकलं होतं. एकच मशीन आणि त्यात एकच गेम, मारामारीचा. कपाटाएवढं धूड, दोन दांडे, बटणांच्या रांगा, समोर दोन स्टुलं. आमच्या बापाच्या वयाचा माणूस, पण आम्ही चिल्लीपिल्ली पोरं त्यांना नुसतं 'शहादेव' म्हणायचो, अरे-तुरे करायचो. का म्हणायचो, हे आष्टीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आता मी काका म्हणतो, तर ऐकायला ते नाहीत.

शेडात नियम एकच, पत्र्यावर चुन्यानं लिहिलेला: हरला तो उठला. जिंकणारा बसून राहणार, हरणारा स्टूल सोडणार, मागचा पुढं येणार. मग तो सभापतीचा असो नाहीतर सालगड्याचा. गावात पंगतीला कोण कुठं बसणार हे आमच्या जन्माआधीच ठरलेलं होतं. त्या कळकट शेडात मात्र ते दर तीन मिनिटांनी बदलायचं.

सकाळी गिऱ्हाईक नसताना खेळून खेळून पंचशीलानं हात बसवला होता. ती म्हातारा घ्यायची. गेममध्ये एकाहून एक धिप्पाड गडी होते. काठीवाला म्हातारा कुणीच घ्यायचं नाही, कारण तो हळू. ही समोरच्याला खुशाल अंगावर येऊ द्यायची आणि तो टप्प्यात आला की काठीनं पाय काढून घ्यायची. सभापती आप्पांचा पोरगा विजयसिंह, ज्याच्या घरी दोन ट्रॅक्टर आणि पेट्रोल पंप, तो तर तिच्याकडून रोज मार खायचा. कान लालभडक व्हायचे. काका शांतपणे म्हणायचे, "उठा मालक, लाइन थांबलीय." आणि मालक उठायचे!

पुढं मोबाइल आले, शेड बंद पडलं, काका गेले. पंचशीला नर्सिंग शिकली आणि नोकरीला लागली. विजयसिंह पुढारी झाला. त्याला शिकावं लागलं नाही.

यंदा संक्रांतीनंतरची गोष्ट. उपकेंद्रात ती रजिस्टर लिहीत बसली होती. विजयसिंह चार पाहुण्यांना घेऊन आत घुसला. खुर्च्या कमी पडल्या. त्यानं हिच्याकडं बोट केलं, "ए पंचे, ऊठ की. पाहुणे उभे हायेत." लेकरं घेऊन लसीला आलेल्या बायकांसमोर ती स्वतःच्या खुर्चीवरून उठली. नंतर मला म्हणाली, "तानाजी, त्यो बोलला त्याचं काय न्हाई. मी उठले कावून? तेच मला लई लागलंय."

महिनाभरानं आमचा तोच गेम घरी खेळायच्या कन्सोलवर आला. विजयसिंहानं पुण्याहून कन्सोल मागवला, भिंतीएवढा टीव्ही लावला आणि बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, "रविवारी दुपारी या. मटण हाय. पंचे, तू पण ये. बघू अजून जमतंय का. नियम तुझ्या बापाचाच."

"जाणार?" मी तिला विचारलं.

"जाणार. मटण नको मला. त्याला एकदा उठलेला बघायचाय. बस."

रविवारी आम्ही सहाजण होतो. विजयसिंह सोफ्याच्या मधोमध पसरलेला. दोन्हीकडं जागा रिकामी, तरी पंचशीलाला प्लास्टिकची खुर्ची ओढून दिली. तिथंच माझं डोकं तडकलं. पण तडकलेलं डोकं आतल्या आत ठेवायची कला आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

घरचा गेम दिसायला अगदी तोच. तेच मैदान, तोच म्हातारा. पण दांड्याच्या जागी अंगठ्याखालची चिमुकली बोंडी आणि बटण दाबल्यावर काठी पापणी लवण्याइतकी उशिरा हलायची. तीन डावांत दोन जिंकायचे होते. पहिला डाव तिनं सपशेल घालवला. विजयसिंह महिनाभर सराव करून बसला होता. "काय सिस्टर, सुई टोचायची का?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या डावात ती काठी पापणीभर आधी मारायला लागली आणि तो आडवा झाला. तिसऱ्या डावात त्याचा गडी मरायला टेकला, तसा यानं खेळच थांबवला! घरच्या गेमला तशी सोय आहे. काकांच्या मशीनला नव्हती. तिथं मरणाऱ्यानं मरायचं असायचं. यानं पाणी मागवलं, फोन केला, बोटं मोडली, मग खेळ चालू केला. पुन्हा मार बसला, पुन्हा थांबवला. असं तीनदा. याला खेळ म्हणत नाहीत, याला चोरी म्हणतात. ज्यांनी हा गेम घरात आणला त्यांनी पोशाख आणले, आवाज आणले, मागची हलणारी झाडंसुद्धा आणली. चुन्यानं लिहिलेली तेवढी ओळ आणायची राहिली.

पंचशीला पडद्यावर नजर ठेवून वाट बघत राहिली. तिसऱ्यांदा खेळ चालू झाला, विजयसिंहाचा गडी अंगावर धावून आला आणि म्हाताऱ्यानं त्याचे पाय काढून घेतले. संपलं.

"विजू, ऊठ."

"कुठं उठू?" तो हसला. बोटानं पुन्हा नवा डाव लावायला लागला.

"हरलास तू. नियम तूच लिवला व्हतास."

"घर माझं, टीव्ही माझा, सोफा माझा. उठू कावून?" मग आमच्याकडं वळून, "काय बे तान्या, सवताच्या घरात कुणी उठतं का?"

पंचशीलानं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. ती इथं कशाला आली होती हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. 'ऊठ, विजू, हरलास' एवढंच म्हणायचं होतं. माझा आवाज चार वर्गांपलीकडं जातो. पण माझ्या तोंडून निघालं ते हे, "जाऊ दे ना पंचशीला. गेमच हाय."

तिनं हातातला कंट्रोलर खुर्चीवर नीट ठेवला, स्कूटीची चावी उचलली आणि गेली.

"राग आला बाईला," विजयसिंह म्हणाला आणि तोच कंट्रोलर माझ्यापुढं धरला. "बस बे तान्या."

मी तिच्या खुर्चीत बसलो. दोन डावांत त्यानं मला लोळवलं. कुणी सांगायच्या आत मी उठलो.